शेजाऱ्यांची फुले घाऊक घेताना



आपल्या कार्यक्रमात हंगामी फुलांच्या लागवडीची माहिती दिल्यानंतर जी पत्रे आली, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. "फुले पिकवायचे कळले साहेब, पण माझ्याकडे पाचच गुंठे अष्टर आहे. दोन बादल्या फुले घेऊन मी मार्केट यार्डात जाऊ कसा?" पुरंदर तालुक्यातल्या एका श्रोत्याने मात्र उलटा प्रश्न विचारला आहे. त्यांची स्वतःची अर्धा एकर फुलशेती आहे आणि गाडी एक दिवसाआड गुलटेकडीला जाते. शेजारचे सात-आठ जण "आमचीही फुले घेऊन चला" म्हणून मागे लागले आहेत. ही फुले विकत घ्यावीत की नुसती पोचवावीत, आणि घ्यायची तर भाव कसा बांधावा, हे त्यांना समजत नाही.

पहिल्याची अडचण दुसऱ्याने सोडवायची, एवढेच याचे उत्तर आहे. पण ते कसे सोडवायचे यात खरी मेख आहे. कारण गावात असे व्यवहार सुरू होतात हौसेने, आणि दिवाळीपर्यंत बोलणे बंद होते. मी माझ्या भागात अशी दोन गावे पाहिली आहेत. दोन्हीकडे फुले चांगली होती, माणसेही चांगली होती. बिघडले ते भावाच्या बोलीमुळे. म्हणून आधी भावाचेच बोलू.

ठरलेला भाव की पट्टीचा भाव?

बहुतेक जण सुरुवातीला म्हणतात, "जुडीला सहा रुपये देतो, हंगामभर तोच भाव." ऐकायला हे फार बरे वाटते. देणाऱ्याला डोक्याला ताप नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. पण हिशेब मांडून बघा. पुढचे सगळे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत.

समजा, तुम्ही आठ घरांतून अष्टरच्या २०० जुड्या गोळा केल्या. वाटेत आणि गाळ्यावर मिळून १० जुड्या खराब निघाल्या, १९० विकल्या गेल्या. भाव मिळाला जुडीला १० रुपये, म्हणजे १९०० रुपये. त्यातून गाडीभाडे ३०० आणि पट्टीवर जे काही कापले गेले ते १६० वजा केले, तर हातात आले १४४०. शेजाऱ्यांना सहाच्या भावाने १२०० दिले. तुम्हाला उरले २४०. रात्री दोनला उठून गाडी भरण्याचे हे मोल फार नाही, पण चालेल.

आता पितृपक्ष लागला. बाजारात फुलांना उठाव नाही, भाव सहावर आला. १९० जुड्यांचे आले ११४०. भाडे तेच ३००, कपात १०० धरा. हातात ७४०, आणि शेजाऱ्यांना द्यायचे आहेत १२००. एका फेरीत ४६० रुपये खिशातून गेले. अशा तीन फेऱ्या झाल्या की चौथ्या दिवशी गाडीवाल्याचे पोट दुखते, गाडी पंक्चर होते, फोन लागत नाही. शेजाऱ्याची फुले मात्र झाडावर उमललेली असतात.

उलट नवरात्रात भाव अठरावर गेला तर? ३४२० आले, भाडे आणि २७० कपात जाऊन २८५० उरले. शेजाऱ्यांना १२०० दिले आणि तुमच्याकडे राहिले १६५०. बोलीप्रमाणे यात काही चूक नाही. पण बाजारभाव आज प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो. शेजारी तो बघणार, आणि पारावर चर्चा होणार. मंदीत तुम्ही सोसलेले तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून बाजारात आडत्याकडे जाणाऱ्या फुलांचा भाव कधी बांधून देऊ नये. तुम्ही तुमची मजुरी बांधून घ्यावी. जुडीला एक रुपया धरा. आलेल्या पट्टीतून भाडे, कपात आणि ही मजुरी वजा करायची आणि उरलेले जुड्यांच्या प्रमाणात वाटायचे. वरच्याच आकड्यांवर पाहा. दहाचा भाव असताना शेजाऱ्याला जुडीला ६ रुपये २० पैसे पडतात, सहाच्या दिवशी २ रुपये ७० पैसे, आणि अठराच्या दिवशी १३ रुपये २५ पैसे. तुमचे दोनशे रुपये तिन्ही दिवशी तेवढेच. तुम्ही जोखीम घेतली नाही, म्हणून तेजीचा पैसाही तुमचा नाही. ही गोष्ट हंगाम सुरू होण्याआधी सर्वांना एकत्र बसवून सांगावी आणि हेच आकडे त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखवावेत.

यात एक पोटप्रश्न आहे. २ रुपये ७० पैशांच्या दिवशी काढणी आणि जुड्या बांधण्याची मजुरी तरी निघते का? ज्यांच्या घरची माणसे कामाला आहेत त्यांना निघेल, मजूर लावणाऱ्याला निघणार नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत भावाचा अंदाज घेऊन सर्वांना कळवावे, आणि ज्याला फुले काढायची नाहीत त्याला मोकळीक असावी. मात्र गाडी निम्मीच भरत असेल तर भाडे उरलेल्यांच्या अंगावर पडते. त्या दिवशी गाडी न नेलेलीच बरी. हा निर्णय एकट्याने घेऊ नका.

पट्टी लपवू नका

हा सगळा व्यवहार पट्टीवर उभा आहे. महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा आहे. समितीच्या आवारात परवानाधारक आडत्याकडेच माल लावावा आणि प्रत्येक वेळी छापील, क्रमांक असलेली पट्टी मागून घ्यावी. चिठोऱ्यावरचा हिशेब घेऊ नये. पट्टीवर नग किंवा वजन, भाव आणि काय काय कापले ते वेगवेगळे लिहिलेले असावे. नुसते "इतर खर्च" असे लिहिले असेल तर जागेवरच विचारावे. विचारण्यात लाज कसली? आपल्या मागे आठ घरे उभी आहेत. समाधान झाले नाही तर बाजार समितीच्या कार्यालयात जाऊन दाखवावे.

गावात आल्यावर पट्टी सर्वांना बघायला मिळाली पाहिजे. एका गावात गोळा करणारे गृहस्थ पट्ट्या दूध डेअरीच्या भिंतीवर खिळ्याला टोचून ठेवत. कुणी वाचत असे, कुणी नसे. पण कुणाच्या मनात किंतू राहिला नाही.

माल घेताना निवड तिथेच

वरच्या हिशेबात खराब झालेल्या दहा जुड्यांचे नुकसान आठही घरांनी वाटून घेतले. त्या जर एकाच घरातून आल्या असतील तर बाकीच्यांवर अन्याय झाला. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक घराला वेगळ्या रंगाचा दोरा द्यावा. एकाची जुडी लाल दोऱ्याने बांधलेली, दुसऱ्याची हिरव्या. गाळ्यावर तक्रार आली की कुणाची फुले ते लगेच कळते. दोन वेळा एकाच रंगाची तक्रार आली तर त्याच्या घरी जाऊन, चार लोकांत न बोलता, काय चुकते ते पाहावे. बहुतेक वेळा बादली धुतलेली नसते. कालच्या घाण पाण्यात आजची फुले ठेवली की देठ सडतो आणि फूल पाणी ओढत नाही.

फुले घेताना एक नंबर आणि दोन नंबर असे दोन ढीग करावेत. लांब सरळ दांडा आणि पूर्ण उमललेले टपोरे फूल असलेला अष्टर एक नंबरात. आखूड दांड्याचा माल जुडीत मिसळू नये, तो सुट्ट्या फुलांत हारासाठी जाऊ द्यावा. वर चांगली आणि आत बारकी फुले घालून बांधलेली जुडी आडत्या एकदा उलगडतो, आणि मग तुमच्या सगळ्याच मालाला तो कमी भाव धरतो. एकाच्या हुशारीची किंमत आठ जण मोजतात.

सुट्टी फुले किलोवर जातात. तिथे वजनाचे भांडण असते. फुले शेतावर किंवा गोळा करण्याच्या जागी मालकासमोर मोजावीत, क्रेटचे वजन वजा करावे आणि चिठ्ठी द्यावी. गुलछडीची सुट्टी फुले सूर्य वर यायच्या आत तोडली तर वजनही भरते आणि वासही टिकतो. तरी बाजारात पोचेपर्यंत थोडी घट येणारच. ती ज्याच्या त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाटावी. काही जण वजन वाढावे म्हणून शेवंतीवर, झेंडूवर पाणी मारून आणतात. असा माल घेऊ नका. पावसात भिजलेला झेंडूसुद्धा पाणी निथळल्याशिवाय भरू नये, कारण ओले फूल क्रेटमध्ये तापते आणि पाकळ्या काळ्या पडतात. क्रेट जाळीचेच वापरावेत आणि त्यात फुले दाबून भरू नयेत.

जाता जाता एक सांगतो. पहाटे कंदिलाच्या नाही तरी बॅटरीच्या उजेडात फुले तोडण्याचे, जुड्या बांधण्याचे काम घरोघरी बायाच करतात. चिठ्ठी आणि पैसे मात्र पुरुषांच्या हातात जातात. जिच्या हातून निवड होते तिला कुठला माल का परत आला हे कळलेच पाहिजे. म्हणून चिठ्ठी तिच्या हातात द्या. पैशाचेही तसेच केले तर मला आनंदच होईल.

माझ्याकडून झालेली चूक

ग्लॅडिओलसविषयी सांगायचे तर मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका गावात सहा जणांनी थोडा थोडा ग्लॅडिओलस लावला होता. तालुक्याच्या गावातल्या एका लग्नमंडप सजावटवाल्याने एकदम पन्नास गड्ड्या, म्हणजे दहाच्या हिशेबाने पाचशे काड्या मागितल्या. भाव चांगला ठरला. आदल्या संध्याकाळी काढणी झाली. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसू लागला की काडी काढायची आणि कंद पोसण्यासाठी झाडावर चार पाने ठेवायची, हे मी सर्वांना शिकवले होते आणि त्यांनी ते नीट केले. पण बादल्या कमी पडल्या. मला विचारले तेव्हा मी म्हटले, "ठेवा ओल्या गोणपाटावर आडव्या. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

सकाळी पाहतो तो प्रत्येक काडीचा शेंडा वर वळलेला. ऊस लोळला की त्याचा शेंडा जसा पुन्हा आकाशाकडे वळतो, तसेच ग्लॅडिओलसच्या काडीचे होते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. सजावटवाल्याने वीस गड्ड्या निम्म्या भावाने उचलल्या आणि बाकीच्या तिथेच सोडल्या. त्यांचेही बरोबर होते. वाकड्या काड्या मंडपात लावणार कशा? सहा घरांपैकी एका घरच्या आजी मला म्हणाल्या, "साहेब, आमच्या उसाला कळतं ते तुम्हाला कळलं न्हाई व्हय?"

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी सांगतो की ग्लॅडिओलसच्या आणि गुलछडीच्या काड्या उभ्याच ठेवाव्यात आणि शक्यतो उभ्याच न्याव्यात. बादल्या पुरेशा नसतील तर काढणी कमी करावी.

पुरंदरच्या श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. सीताफळ-अंजिराच्या हंगामात एकाच गाडीत फळांच्या पाट्या आणि फुलांचे क्रेट भरतात. पिकायला लागलेल्या फळातून एक वायू निघतो, त्याने फूल लवकर म्हातारे होते. कार्नेशनसारख्या फुलाला त्याचा फटका फार लवकर बसतो. उघड्या गाडीत धोका कमी, पण ताडपत्री आवळून बांधलेल्या गाडीत रात्रभर दोन्ही एकत्र असतील तर भाव पडल्यावर फुलाला दोष देऊ नका. फळे आणि फुले वेगवेगळ्या फेरीत न्यावीत. तेवढेही जमत नसेल तर निदान फुले हवेशीर बाजूला ठेवून ताडपत्री सैल सोडावी.

पंचांग उघडा, मगच लागण

आता सर्वांत महत्त्वाचे. फुलांचा बाजार इंग्रजी तारखेवर चालत नाही, तिथीवर चालतो. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, २०२५ साली २ ऑक्टोबरला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला येतो. गेल्या वर्षी अमुक तारखेला रोपे लावली म्हणून यंदाही त्याच तारखेला लावली, तर अठरा दिवसांनी चुकू शकते. फुलांच्या धंद्यात अठरा दिवस म्हणजे सारा हंगाम.

झेंडूचा पहिला तोडा रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी येतो आणि तो अंगाने बारीक असतो. म्हणून दसऱ्याच्या आधी ६५ ते ७० दिवस धरून लागण करावी. २०२५ च्या दसऱ्यासाठी ही तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येत होती, २०२६ साठी ती ऑगस्टच्या मध्यावर येते. रोपवाटिकेचे २५ ते ३० दिवस त्याच्याही आधी. दसऱ्यानंतर लक्ष्मीपूजन अठरा-वीस दिवसांनी असते, तोवर त्याच झाडांचे पुढचे तोडे चालू राहतात.

जो माणूस शेजाऱ्यांची फुले घेणार आहे त्याने ही आखणी लागणीच्या आधीच सर्वांना बसवून करावी. आठही घरांनी दसऱ्यासाठी झेंडूच लावला तर गाडी दोन दिवस उतू जाईल आणि मग महिनाभर रिकामी फिरेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला टाकलेले झेंडूचे ढीग आपण सर्वांनीच पाहिले आहेत. दोघांनी झेंडू घ्यावा, एकाने शेवंती. गुलछडी ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे त्याने लावावी, कारण एकदा लावली की ती दोन-तीन वर्षे राहते. अष्टर एकदा फुलून संपतो, म्हणून तिघे अष्टर लावणार असतील तर तिघांनी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने बी टाकावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले फुले गणेश मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे अष्टर आपल्याकडे चांगले येतात. रंगही वाटून घ्यावेत. एकाच गाडीत तीन रंग असले की गाळ्यावर गिऱ्हाईक थांबते.

श्रावण, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि मार्गशीर्षातले गुरुवार हे उठावाचे दिवस सर्वांना पाठ असतात. गणपतीनंतर लगेच येणारा पितृपक्ष मात्र लोक विसरतात.

सजावटवाले आणि फूलवाले

तालुक्याच्या गावातल्या दुकानदारांचा आणि मंडप सजावटवाल्यांचा हिशेब वेगळा असतो. त्यांनी नवऱ्या मुलीच्या बापाकडून ठरावीक रक्कम महिनाभर आधीच घेतलेली असते. त्यांना भावाची चढ-उतार नको असते, दिवस आणि नग पक्के हवे असतात. म्हणून यांच्याशी मात्र ठरलेला भावच करावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि शेजाऱ्यांनाही त्याच प्रमाणात पक्का भाव द्यावा. पाचशे काड्यांचा शब्द दिला असेल तर शेतात साडेपाचशे-सहाशे उभ्या आहेत याची खात्री आधी करावी. ठरल्या दिवशी बाजारात दुप्पट भाव निघाला म्हणून माल तिकडे वळवू नये. ज्या घरातून असा माल वळेल, त्याला पुढच्या मागणीत घेऊ नये, मग तो सख्खा चुलता का असेना. प्लास्टिकच्या फुलांनी मंडपातली बरीच जागा आधीच घेतली आहे. ताज्या फुलांवर टिकून असलेल्या गिऱ्हाइकाला आपण ऐन वेळी अडचणीत आणले, तर तोही तिकडेच जाईल.

वही

शाळेची शंभर पानी वही पुरते. प्रत्येक फेरीला एक पान करावे. वर तारीख, तिथी आणि गाडीचे भाडे. खाली प्रत्येक घराचे नाव, दोऱ्याचा रंग, घेतलेल्या जुड्या किंवा किलो, परत आलेला माल आणि दिलेले पैसे. पट्टीचा क्रमांक कोपऱ्यात लिहावा. पैसे देताना सही किंवा अंगठा घ्यावा, मोबाईलवरून दिले तरी वहीत नोंद करावी. उधारी ठेवायची तर जास्तीत जास्त आठवड्याची, आणि तीही सर्वांची सारखी.

ज्या श्रोत्यांना दसऱ्याच्या झेंडूची आखणी करायची आहे त्यांनी पत्रात आपले गाव, पाण्याची सोय, किती घरे एकत्र येणार आणि प्रत्येकाचे क्षेत्र किती गुंठे ते लिहावे. पत्र रोपवाटिका टाकण्याच्या आधी पोचेल असे पाठवा. रोपे लावून झाल्यावर आलेल्या पत्राला मी उत्तर देईन, पण तारीख मागे नेता येणार नाही.